किनाऱ्याचा संयुक्त करार: सहीच्या आधी काय ठरवावे

एकाच उपसागराच्या काठावरची तीन प्रांतिक सरकारे किनारा आणि समुद्र यांच्या संरक्षणासाठी संयुक्त करार करू पाहत आहेत आणि त्याच्या मसुदा समितीत आपली नेमणूक झाली आहे, असे आपण लिहिले आहे. असे करार प्रत्यक्षात चालतात की सही-समारंभाच्या छायाचित्रापुरते उरतात, करारात नेमके काय असावे, आणि मच्छीमारांना चर्चेत केव्हा बोलवावे, असे आपले तीन प्रश्न आहेत. मी एकवीस वर्षे अशाच एका संयुक्त कार्यालयात काम केले. पहिली काही वर्षे पाण्याचे नमुने तपासण्याचे आणि पुढे सरकारांमधील समन्वयाचे. त्या अनुभवातून जे उमगले ते सांगतो.

तिघांनी एकत्र यावे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे आता उरलेला दिसत नाही. मासे, गाळ आणि सांडपाणी प्रांतांच्या हद्दी पाळत नाहीत, हे बैठकीतला प्रत्येक जण पहिल्या पाच मिनिटांत मान्य करतो. गाडी अडते ती त्यानंतर, खर्च एकाने सोसायचा आणि लाभ शेजाऱ्याच्या पदरात पडायचा, असा प्रसंग येतो तेव्हा. म्हणून मसुद्याचा पहिला परिच्छेद लिहिण्यापूर्वी आपल्या उपसागराच्या प्रत्येक दुखण्यापुढे तीन गोष्टी लिहून काढाव्यात: उपायाचा भार कोणावर पडणार, फायदा कोणाला होणार, आणि फायदा झाला हे सगळ्यांना मान्य होईल अशा कोणत्या मोजणीतून कळणार. करार चालेल की नाही याचा अंदाज या तीन उत्तरांवरून बराचसा बांधता येतो. नेत्यांच्या भाषणांवरून मला तो कधी बांधता आलेला नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चेसापीक उपसागराचे आहे, आणि ते आपल्या परिस्थितीच्या जवळचेही आहे, कारण तेथेही मुख्य पक्ष राज्य सरकारेच आहेत. १९८३ मध्ये मेरीलँड, व्हर्जिनिया, पेनसिल्व्हेनिया ही राज्ये, राजधानी वॉशिंग्टनचे प्रशासन आणि केंद्राची पर्यावरण संस्था यांनी पहिला करार केला, तो जेमतेम एका पानाचा होता. १९८७ च्या दुसऱ्या करारात आकडा आला: उपसागरात येणारे नत्र आणि स्फुरद २००० सालापर्यंत ४० टक्क्यांनी कमी करायचे. ही दोन्ही द्रव्ये शेतातील खतांतून, जनावरांच्या शेणमुतातून आणि शहरांच्या सांडपाण्यातून येतात. त्यांच्यावर शेवाळ माजते, ते मेल्यावर कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि तळाचे जीव गुदमरतात. ती मुदत हुकली. २००० च्या करारात नवी मुदत २०१० ची ठरली, तीही हुकली. २०१० मध्ये केंद्रीय संस्थेने प्रदूषणाची कमाल मर्यादा ठरवून प्रत्येक राज्याला त्यातला वाटा नेमून दिला आणि २०२५ हे वर्ष ठरवले. तेथवरही सगळी उद्दिष्टे गाठली गेली नाहीत. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांनी आपला वाटा बऱ्याच अंशी उचलला, शेतीकडून येणारा भार मात्र हवा तितका हलला नाही.

आता त्याच उपसागरातील खेकड्यांची गोष्ट पाहा. तेथील ब्लू क्रॅब जातीच्या खेकड्यांचा समागम वरच्या, कमी खाऱ्या पाण्यात होतो आणि नंतर माद्या अंडी सोडण्यासाठी उपसागराच्या मुखाकडे, खाऱ्या पाण्याकडे जातात. वरचा भाग मेरीलँडचा, मुखाचा भाग व्हर्जिनियाचा. त्यामुळे शरद ऋतूत वाटेवर असलेल्या माद्या मेरीलँडचे मच्छीमार पकडत आणि त्यातून निसटलेल्या, हिवाळ्यात चिखलात गाडून घेऊन बसलेल्या माद्या व्हर्जिनियाचे मच्छीमार लोखंडी दातेरी जाळ्यांनी उकरून काढत. साठा घटला की दोन्ही राज्ये एकमेकांकडे बोट दाखवीत. पण १९९० पासून दोघांनी मिळून हिवाळी मोजणी सुरू केली होती: खेकडे निश्चल असताना संपूर्ण उपसागरात सुमारे १,५०० ठिकाणी तळ खरवडून ते मोजायचे. २००८ मध्ये या मोजणीने साठ्याची दुरवस्था दोघांसमोर ठेवली, तेव्हा मादी खेकड्यांची पकड ३४ टक्क्यांनी कमी करण्याचे दोन्ही राज्यांनी एकत्र ठरवले आणि व्हर्जिनियाने हिवाळी उकरणी बंद केली. पुढच्या दोन-तीन मोजण्यांतच संख्या ठळकपणे वाढली. अर्थात ही वाढ कायम टिकली असे मी म्हणणार नाही. खेकड्यांची संख्या वारा, प्रवाह आणि भक्षक माशांप्रमाणे खालीवर होत राहते आणि २०२२ ची मोजणी तोवरच्या सगळ्या नोंदींत सर्वांत कमी भरली. पण त्या वर्षीही आकडा खरा की खोटा यावर भांडण झाले नाही, आणि माझ्या दृष्टीने खरी कमाई ती आहे.

म्हणजे उपसागर तोच, मुख्य सरकारे तीच, काळही साधारण तोच. एका कामात निर्णय काही महिन्यांत झाला आणि दुसऱ्यात चार दशके उलटली. याचे कारण राजकीय इच्छाशक्ती नाही, कारण ती दोन्हीकडे एकाच माणसांची होती. खेकड्यांच्या बाबतीत पकड कमी करणारे आणि वाढलेल्या साठ्याचा फायदा घेणारे लोक एकच होते, दोन वर्षांत फळ दिसत होते आणि मोजणी संयुक्त होती. नत्राच्या बाबतीत परिस्थिती अगदी उलटी होती. उपसागराला मिळणाऱ्या गोड्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी सस्क्वेहॅना नदी आणते, आणि तिच्या खोऱ्याचा मोठा भाग पेनसिल्व्हेनियात आहे, ज्या राज्याला चेसापीकचा एक हातही किनारा नाही. तेथील शेतकऱ्याने ओढ्याकाठी झाडे लावायची, खत साठवण्याचे हौद बांधायचे आणि फायदा मात्र दूरच्या कालवांना आणि खेकड्यांना व्हायचा. शिवाय जमिनीत मुरलेले नत्र भूजलातून ओढ्यापर्यंत पोहोचायला वर्षे, काही ठिकाणी दशके लागतात. त्यामुळे चांगले काम करणाऱ्यालाही आपल्या कामाचे फळ डोळ्यांनी दिसत नाही.

यातला आणखी एक धडा मला फार मोलाचा वाटतो. या खोऱ्यात एकूण सहा राज्ये येतात, पण न्यूयॉर्क, डेलावेअर आणि वेस्ट व्हर्जिनिया ही तीन राज्ये २०१४ च्या कराराने पूर्ण भागीदार झाली, म्हणजे पहिल्या करारानंतर एकतीस वर्षांनी. आपल्या मसुद्याच्या पहिल्या पानावर उपसागराचा नकाशा असेल, तर तो काढून त्या जागी नदीखोऱ्यांचा नकाशा लावावा. एखादे चौथे सरकार, ज्याला किनारा नाही पण ज्याची नदी आपल्या उपसागराला मिळते, त्यात दिसले, तर त्याला निरीक्षक म्हणून का होईना, आताच बोलवावे. मागाहून बोलावलेला पक्ष नेहमी असेच म्हणतो की ठरवताना आम्हाला विचारले नव्हते, आणि त्याचे म्हणणे खरे असते.

खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा, किंवा दोन्ही एकाचेच, याखेरीज एक तिसरा प्रकारही असतो, जेथे सगळ्यांनी केले तरच कोणाला तरी उपयोग होतो. कॅलिफोर्निया, ओरेगॉन आणि वॉशिंग्टन या तीन राज्यांच्या गव्हर्नरांनी २००६ मध्ये समुद्राच्या आरोग्यासाठी करार केला, त्याखालील कामांत स्पार्टिना नावाच्या परक्या गवताचे उच्चाटन होते. हे गवत चिखलाचे उघडे पट्टे व्यापते, पक्ष्यांची चरण्याची जागा आणि कालवांची शेते गिळते, आणि त्याचे बी पाण्यावर तरंगत किनाऱ्याने दूरवर जाते. एका राज्याने लाखो डॉलर खर्चून आपल्या खाड्या साफ केल्या आणि शेजाऱ्याने केल्या नाहीत, तर पहिल्याचे काम कधीच संपत नाही. अशा कामांना करारात अग्रक्रम द्यावा असे माझे मत आहे, कारण येथे शेजाऱ्याला मदत करण्यात प्रत्येकाचा उघड स्वार्थ असतो आणि एकत्र काम करण्याची सवय तेथे कमी त्रासात लागते.

मोजणीबद्दल थोडे अधिक सांगणे भाग आहे, कारण माझ्या नोकरीची पहिली काही वर्षे त्यातच गेली. आमच्याकडच्या दोन शेजारी सरकारांकडे पाण्याच्या गुणवत्तेच्या वीस-वीस वर्षांच्या नोंदी होत्या आणि त्या जोडल्या की संपूर्ण चित्र मिळेल, असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात एका विभागाचे कर्मचारी विरघळलेला प्राणवायू सकाळी सातला, पृष्ठभागावर मोजत आणि दुसऱ्याचे दुपारी, तळाशी. पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो आणि दुपारी वनस्पतींमुळे वाढतो. तळाशी तो पृष्ठभागापेक्षा कमी असतो. दोन्ही नोंदी आपापल्या जागी प्रामाणिक होत्या आणि एकत्र ठेवल्यावर निरुपयोगी होत्या. कोणाची पद्धत बदलायची यावर दीड वर्ष गेले, कारण पद्धत बदलणे म्हणजे आपल्या जुन्या नोंदी चुकीच्या ठरवणे, असा दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांचा समज झाला होता. शेवटी दोन वर्षे दोन्ही पद्धतींनी मोजावे आणि त्यातून जुन्या नोंदींची सांगड घालावी, असे ठरले तेव्हा वाट मोकळी झाली. आपण करारातच हे लिहून घ्यावे की कोणती गोष्ट, कोणत्या ठिकाणी, कोणत्या वेळी, कोणत्या उपकरणाने मोजायची आणि आकडे किती दिवसांत तिघांना एकाच वेळी मिळायचे. ‘एकाच वेळी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. शेजाऱ्याने आकडे आधी पाहिले आणि मग मला दिले, अशी शंका एकदा आली की पुढचे सगळे आकडे संशयित ठरतात.

उत्तर समुद्राच्या काठावरील वाडन समुद्र या उथळ, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात डेन्मार्क, जर्मनी आणि नेदरलँड्स यांनी हे चांगले साधले आहे. १९७८ पासून त्यांच्या त्रिपक्षीय परिषदा होतात आणि १९८७ पासून विल्हेल्म्सहाफेन येथे त्यांचे एक संयुक्त सचिवालय आहे. १९८८ मध्ये विषाणूच्या साथीने तेथील निम्म्याहून अधिक सील मेले, तेव्हा १९९० मध्ये तिन्ही देशांनी सीलांसाठी स्वतंत्र करार केला. ओहोटीला वाळूच्या पट्ट्यांवर येऊन पहुडलेल्या सीलांची विमानातून मोजणी तिघेही आपसात वेळ जुळवून करतात, कारण सील आज या देशाच्या वाळूवर तर उद्या त्या देशाच्या वाळूवर असतो आणि वेगवेगळ्या दिवशी मोजला तर तो दोनदा तरी मोजला जातो किंवा एकदाही नाही. २००२ मध्ये साथ पुन्हा आली, तेव्हा किती मेले आणि साठा किती वेगाने भरून आला हे सांगायला तिघांकडे एकच नोंदवही होती.

यातून सचिवालयाचा मुद्दा येतो. संयुक्त कार्यालय लहान असावे, पण कायम असावे, आणि त्यातील माणसांचा पगार कोणत्याही एका सरकारच्या मर्जीवर नसावा. दर वर्षी फिरते अध्यक्षपद ठेवून त्या त्या सरकारच्या विभागानेच कार्यालयाचे काम पाहावे, अशी सूचना आपल्या समितीत नक्की येईल, कारण ती स्वस्त वाटते. मी ती पद्धत सहा वर्षे पाहिली. प्रत्येक वर्षी कपाटे, फाइली आणि अर्धवट पत्रव्यवहार एका शहरातून दुसऱ्या शहरात जात, नवे लोक तीन महिने जुने समजून घेत, आणि पुढचे तीन महिने ते सोपवण्याच्या तयारीत जात. अध्यक्षपद खुशाल फिरवावे. कार्यालय फिरवू नये. खर्चाच्या वाटणीसाठी समान तिहाई सगळ्यांत सोपी. लोकसंख्येवर किंवा किनाऱ्याच्या लांबीवर आधारलेली सूत्रे न्याय्य वाटतात, पण खाडीच्या आतली लांबी धरायची की नाही यावर वर्ष जाते.

आता ज्या गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्यांबद्दल. पहिली म्हणजे आपल्या प्रांतिक सरकारांचा अधिकार समुद्रात किती अंतरापर्यंत चालतो. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारानुसार देशाचा प्रादेशिक समुद्र किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत आणि अनन्य आर्थिक क्षेत्र २०० सागरी मैलांपर्यंत असू शकते, पण देशांतर्गत त्यातला किती भाग प्रांताचा हे प्रत्येक देशात निराळे असते. अमेरिकेतील बहुतेक राज्यांच्या हाती केवळ ३ सागरी मैल आहेत. ज्या माशांचे आयुष्य त्या रेषेपलीकडे जाते, त्यांच्याबद्दल केंद्राला वगळून केलेली कलमे कागदावरच राहतील.

दुसरी गोष्ट, करार मोडणाऱ्याचे काय करायचे. स्वेच्छेने पाळायचे करार छोट्या, परस्परहिताच्या कामांत पुरेसे असतात. पण ज्या कामात एकाने नियम न पाळल्यास त्यालाच तात्पुरता फायदा होतो, तेथे ते ढिले पडतात. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील राज्यांचा संयुक्त मत्स्य आयोग १९४२ पासून होता आणि स्ट्राइप्ड बास या माशासाठी १९८१ मध्ये त्याने योजनाही केली होती, तरी ती पाळलीच पाहिजे असे कोणत्याही राज्यावर बंधन नव्हते. १९८४ मध्ये केंद्राने कायदा केला की जे राज्य योजना पाळणार नाही, त्याच्या पाण्यात त्या माशाची पकड केंद्र बंद करील. मेरीलँडने १९८५ मध्ये पकड पूर्ण थांबवली, ती १९९० मध्ये मर्यादित प्रमाणात उघडली, आणि १९९५ मध्ये साठा सावरल्याचे जाहीर झाले. हा साठा २०१९ मध्ये पुन्हा अतिमासेमारीने घटलेला ठरला. पण तेव्हा योजना कडक करण्याची यंत्रणा जागेवर होती. आपल्या डोक्यावर असे केंद्र असेल आणि त्याची तयारी असेल, तर ही तरतूद मागून घ्यावी. नसेल, तर निदान कोणी किती पाळले याचा वार्षिक अहवाल नावानिशी प्रसिद्ध करण्याचे कलम तरी घालावे.

तिसरी गोष्ट म्हणजे सरकारांमधले संबंध. ते बिघडलेले असतील तर थांबावे, असा सल्ला आपल्याला मिळेल. मला तो पटत नाही. बाल्टिक समुद्राच्या काठावरील सात देशांनी १९७४ मध्ये हेलसिंकी येथे करार केला, तेव्हा शीतयुद्ध चालू होते आणि सह्या करणाऱ्यांत सोव्हिएत संघ होता, पोलंड होता आणि दोन्ही जर्मनीही होत्या. त्या समुद्राचे पाणी पूर्ण बदलायला सुमारे ३० वर्षे लागतात, म्हणजे कोणीही टाकलेली घाण सगळ्यांच्याच दारात राहते. तरीही वेग आला तो १९९२ मध्ये, जेव्हा प्रदूषणाच्या १३२ ठिकाणांची नावानिशी यादी झाली आणि एकेक ठिकाण सुधारल्यावर ते यादीतून वगळण्याची पद्धत पडली. संबंध ताणलेले असतील तेव्हा तत्त्वांवरची चर्चा टाळावी आणि अमक्या कारखान्याचा निचरा, तमक्या शहराचे सांडपाणी अशी यादी टेबलावर ठेवावी, असे मी त्यातून शिकलो.

कराराच्या रचनेविषयी थोडक्यात: मुख्य मजकूर लहान ठेवावा आणि आकडे, ठिकाणे, पद्धती परिशिष्टांत टाकाव्यात, जी बदलायला तिन्ही विधिमंडळांकडे जावे लागणार नाही. आपण आज धरलेली गृहीतके चुकतील, हे निश्चित आहे. सस्क्वेहॅनावरील १९२८ मधील कोनोविंगो धरण गाळ आणि त्याला चिकटलेली द्रव्ये अडवून धरत असे. २०१० च्या हिशेबात ते आणखी पुष्कळ वर्षे अडवील असे धरले होते, पण जलाशय अपेक्षेआधीच जवळजवळ भरला आणि तो जादा भार कोणी उचलायचा हा नवाच तंटा उभा राहिला. असा तंटा कोणत्या सूत्राने सोडवायचा हे शांततेच्या दिवसांतच ठरवून ठेवावे.

राहिला आपला तिसरा प्रश्न, मच्छीमारांना केव्हा बोलवावे. मसुदा तयार झाल्यावर त्यांच्या हरकती मागवण्याची रीत आहे, आणि तेव्हा हरकतीच येतात. आमच्या मोजणीच्या दुसऱ्या वर्षी सरकारी नौका नादुरुस्त झाली म्हणून नाइलाजाने आम्ही तिन्ही बाजूंच्या मच्छीमारांच्या होड्या भाड्याने घेतल्या. जाळे कोठे टाकायचे हे ठरलेल्या नकाशावरूनच ठरत असे, त्यात त्यांना बदल करता येत नव्हता, पण प्रत्येक ओढीला काय लागले आणि काय लागले नाही हे त्यांनी स्वतः पाहिले आणि वहीत आमच्याबरोबर सह्या केल्या. पुढच्या बैठकीत एका बाजूच्या अधिकाऱ्याने आकड्यांवर शंका घेतली, तेव्हा त्याला उत्तर द्यायला आमच्यापैकी कोणाला उठावे लागले नाही. त्याच्याच प्रांतातील एक वयस्कर तांडेल उभा राहिला आणि कोणत्या दिवशी, कोणत्या ओढीला जाळे रिकामे आले होते, ते त्याने तोंडपाठ सांगितले. तेव्हा आपल्या पहिल्या मोजणीच्या तारखा ठरतील त्याच दिवशी होड्याही ठरवाव्यात, तिन्ही प्रांतांतून सारख्या संख्येने, आणि भाडे वेळेवर द्यावे.